रस्त्याचा हक्क कोण देणार?

आमच्या मोहल्ल्यातला चौक तसा लहानच. एका कोपऱ्यावर मशिदीचे दार, दुसऱ्यावर नगरपालिकेची उर्दू शाळा, तिसऱ्यावर पिठाची गिरणी आणि चौथ्यावर बेकरी. चार रस्ते एकत्र येतात म्हणून त्याला चौक म्हणायचे. माणसांनी एकत्र यावे अशी जागा मात्र तिथे उरलेली नाही. गिरणीसमोर मोटारसायकलींची रांग, बेकरीसमोर रिक्षा, शाळेच्या भिंतीला लागून कुणाच्या तरी बांधकामाच्या खडीचा ढीग आणि मधोमध वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स. असरच्या सुमारास शाळा सुटते तेव्हा या सगळ्यांतून वाट काढत पोरे घराकडे पळतात आणि मोठी माणसे हॉर्नच्या आवाजात एकमेकांना सलाम करतात.

गेल्या वर्षी याच चौकात आमच्या शेजारच्या खाला दळण घेऊन येताना मोटारसायकलची धडक बसून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. गाडी चालवणारा मुलगा परका नव्हता, मोहल्ल्यातलाच होता. त्यानेच खालांना उचलून दवाखान्यात नेले, घरी येऊन माफी मागितली. त्याच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते दोन दिवसांनी इशाच्या नमाजनंतर भरलेल्या बैठकीविषयी. बैठकीत पंचवीसेक माणसे होती, सगळे पुरुष. कुणी गतिरोधक मागितला, कुणी नगरपालिकेला दोष दिला. शेवटी एक बुजुर्ग उठले आणि म्हणाले, “औरतांकू पिछली बोळ में से जाने बोलो.” सगळ्यांनी माना हलवल्या. कुणाला त्यात वावगे वाटले नाही. तोडगा निघाला आणि बैठक संपली.

धडक दिली मोटारसायकलने आणि चौक सोडायचा बायकांनी! मी त्या बैठकीत होतो आणि मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटते म्हणून हा लेख लिहितो आहे.

*

सुरुवात आपल्याच घरातून करू. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली एक हदीस आपण खुतब्यात अनेकदा ऐकली आहे. रस्त्यावर बसण्यापासून प्रेषितांनी (स.) सहाबांना परावृत्त केले. सहाबांनी अडचण सांगितली, की आम्हाला भेटायला, बोलायला दुसरी जागा नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) बसण्याला मनाई केली नाही, अट घातली. बसायचेच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या. हा हक्क कोणता, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले: नजर खाली ठेवणे, कुणाला त्रास न देणे, सलामाचे उत्तर देणे, चांगल्याचा आग्रह धरणे आणि वाईटापासून रोखणे.

या हदीसकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. माणसांना एकत्र बसायला जागा लागते, ही गरज तिथे मान्य केलेली आहे. आणि रस्त्याला हक्क असतो, तो बसणाऱ्याने द्यायचा असतो. आपण काय केले? बसण्याची सवलत तेवढी घेतली आणि अटी विसरलो. नजर खाली ठेवण्याची अट बसलेल्या पुरुषांसाठी होती. आपण ती उलटी फिरवून रस्त्याने जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवली. नजर सांभाळायची त्यांनी, तोडगा मात्र बोळाचा तिच्यासाठी!

वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, हेही आपल्याला मदरशात शिकवलेले असते. लहानपणी आपण त्याचा अर्थ काटा किंवा दगड असा घेतला. आजच्या चौकातला काटा कोणता? मशिदीच्या पायरीला टेकवून उभी केलेली मोटारसायकल हा काटा नाही काय? दर जुम्म्याला मशिदीबाहेर दुहेरी रांगेत गाड्या लागतात. त्या वेळी मोहल्ल्यात कुणाला हार्ट ॲटॅक आला तर रुग्णवाहिका आत येऊ शकत नाही. आत खुतब्यात हदीस ऐकायची आणि बाहेर आपल्याच गाडीने रस्त्याचा हक्क मारायचा, हा विरोधाभास आपल्याला का खटकत नाही? इतर समाजांतले दोष दाखवून हा प्रश्न टाळता येणार नाही. त्यांचा हिशेब ते देतील.

*

कुणी म्हणेल, एका म्हातारीच्या पडण्यावरून एवढे पुराण कशाला? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतली ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. म्हणजे दररोज सरासरी नव्वद. यातला प्रत्येक जण कुणाची तरी खाला, कुणाचा तरी शाळेतून येणारा मुलगा असतो.

आणि पायी चालतो कोण? आमच्या मोहल्ल्यात चारचाकी असलेली घरे बोटांवर मोजता येतील. दुचाकी बऱ्याच घरांत आहे, पण ती घरातल्या कमावत्या पुरुषाच्या किंवा तरुण पोराच्या हाती असते. शाळेतली मुले, बायका, म्हातारी माणसे, हातगाडीवाले आणि मजूर पायीच चालतात. मोहल्ल्यातली बहुसंख्या पायी चालते आणि चौकातली बहुतेक जागा मात्र गाड्यांकडे आहे. संख्येने अधिक असूनही वाट्याला कमी, ही तक्रार आपण राजकारणात फार तावातावाने मांडतो. तीच वाटणी आपल्या चौकात आपण स्वतः केलेली आहे.

*

यावर उपाय करता येतो आणि तो लोकांनी केलेला आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात सेलवूड नावाची वस्ती आहे. १९९६ साली तिथल्या एका साध्या चौकातल्या शेजाऱ्यांनी ठरवले, की हा चौक नुसता गाड्या जाण्यासाठी नाही. त्यांनी रस्त्यावर रंगांनी मोठे चित्र काढले. कोपऱ्यांवर बसायला जागा केली, मुलांसाठी खेळघर, सूचनांसाठी फळा आणि चोवीस तास चहा मिळेल असा एक छोटा ठेला उभा केला. महापालिकेच्या रस्ते खात्याने हरकत घेतली, कारण सार्वजनिक रस्त्यावर असे काही करायला नियमात जागा नव्हती. रहिवासी मागे हटले नाहीत. अखेर शहराने चौक मान्य केला आणि पुढे अशा कामांसाठी रीतसर नियमही केला. लक्षात घेण्यासारखे हे, की तिथे गाड्यांना बंदी नाही. त्या जातात, पण हळू जातात, कारण इथे माणसे राहतात हे रस्त्याकडे पाहताच कळते.

पोर्टलंड श्रीमंत देशातले, असे म्हणून आपण ते उदाहरण बाजूला सारू. मग न्यूयॉर्कमधल्या जॅक्सन हाइट्सचे घेऊ. देश तोच, पण क्वीन्स भागातली ही वस्ती बांगलादेशी, पाकिस्तानी, भारतीय, नेपाळी आणि तिबेटी लोकांची आहे. तिथली दुकाने आपल्या ओळखीची: मिठाई, पान, हलाल गोश्त, कपडे, दागिने. २०११ साली शहराच्या वाहतूक विभागाने ७३ आणि ७४ क्रमांकांच्या रस्त्यांमधला एक तुकडा वाहनांसाठी बंद केला आणि तिथे टेबल-खुर्च्या मांडल्या. कडाडून विरोध कुणी केला? आपल्यासारख्याच दुकानदारांनी. गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार, धंदा बसला, कचरा वाढला, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या सगळ्या खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही. वाहने काढून नुसत्या खुर्च्या मांडल्या आणि झाडायला कुणी नसले, तर त्या जागेचा उकिरडा व्हायला वेळ लागत नाही.

पण पुढे जे घडले ते आपण शिकण्यासारखे आहे. तिथल्या दुकानदारांनी संस्था स्थापन करून त्या जागेची देखभाल स्वतःकडे घेतली. त्या चौकाला डायव्हर्सिटी प्लाझा, म्हणजे विविधतेचा चौक, असे नाव मिळाले. नंतर शहराने त्याचे पक्के बांधकामही केले. आज तो त्या वस्तीची ओळख आहे. सभा तिथे भरतात, निदर्शने तिथे होतात, म्हातारी माणसे तिथे वर्तमानपत्र घेऊन बसतात. एका देशातून आलेला दुसऱ्या देशातून आलेल्याच्या शेजारी बसतो. मायदेशी ज्यांच्यात काटेरी कुंपण आहे त्यांना परक्या शहरातल्या एका बंद केलेल्या रस्त्याने एका बाकावर आणले.

तिसरे उदाहरण आपल्या देशातले आणि आपल्या इतिहासातले. दिल्लीचा चांदनी चौक सतराव्या शतकात, १६५० च्या सुमारास वसवला तो शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने. मुघलांच्या वैभवाचा आपल्याला अभिमान असतो. पण त्या शहरातला सर्वांत गाजलेला चौक एका बाईच्या कल्पनेतून उभा राहिला, हे कितीजणांना ठाऊक आहे? चौक उभा करणारी जहाँआरा आपली, आणि चौक ओलांडायला बिचकणाऱ्या खालाही आपल्याच! याच चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता २०२१ साली नव्याने बांधून पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी करण्यात आली. काम देखणे झाले. मात्र नियमाची अंमलबजावणी सैल पडते आणि दुचाक्या आत घुसतात, अशा तक्रारी पुढे येत राहिल्या. सरकारने बांधून दिले तरी रोज राखणारे हात स्थानिक लागतात, हाच त्याचा अर्थ. जॅक्सन हाइट्समध्ये ते हात पुढे आले.

*

आता आपल्याकडचे आक्षेप. पहिला दुकानदारांचा: धंदा बुडेल. त्यांना माझा एकच प्रश्न आहे. रमजानमध्ये काय होते? मुंबईत मिनारा मशिदीच्या परिसरात रमजानच्या रात्री माणसांची इतकी दाटी होते की तिथे गाडी चालवायचा विचारही कुणी करत नाही. त्या रात्री धंदा बुडतो की वाढतो? आमच्या लहानशा चौकातही इफ्तारच्या आधीचा तास दीड तास कुणाची गाडी आत येत नाही आणि बेकरीवाल्याला मान वर करायला सवड मिळत नाही. खरेदी गाडी करत नाही, माणूस करतो. वर्षातले तीस दिवस जे आपण न सांगता करतो ते इतर दिवशी ठरवून का करता येऊ नये?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याकडे मी दुर्लक्ष करणार नाही. मोहल्ल्यात सुशोभीकरण म्हटले की लोकांच्या पोटात गोळा येतो. आधी फरशी येते, मग फेरीवाल्याची गाडी उचलली जाते आणि शेवटी रुंदीकरणाच्या नावाखाली घराच्या ओट्यावर खूण होते. ही भीती अनुभवातून आलेली आहे. म्हणूनच योजना वरून येण्याची वाट पाहू नये. आपण आधी आपला आराखडा मांडला तर त्यात हातगाडीची जागा आपणच आखू शकतो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. आपल्या गावात ही समिती आहे का, तिच्यात आपल्या मोहल्ल्यातले कोण आहे, हे विचारायला आपण कधी गेलो आहोत का? भीतीने घरात बसल्याने ओटा वाचत नाही.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण तोच खरा आहे. चौकात बाके टाकली तर तिथे पोरे टवाळकी करत बसतील आणि बायका तिथे बसल्या तर लोक काय म्हणतील? मुंबईच्या सार्वजनिक जागांचा आणि स्त्रियांचा अभ्यास करणारे ‘व्हाय लॉइटर?’ हे शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे पुस्तक २०११ मध्ये आले. बाईला घराबाहेर असण्यासाठी सतत काहीतरी कारण दाखवावे लागते, पुरुषाला लागत नाही, हे त्यातले साधे आणि झोंबणारे निरीक्षण आहे. मुस्लिम स्त्रियांवरची दुहेरी बंधनेही त्यात नोंदवलेली आहेत. आमच्या खालांच्या हातात दळणाचा डबा होता, म्हणून त्या चौकात दिसल्या. डबा नसता तर त्या तिथे काय करत होत्या, हे बैठकीत पहिल्यांदा विचारले गेले असते. पोरे टवाळकी करतात ती मोठी माणसे आणि बायका तिथे नसतात म्हणून. चौकात चार खाला गप्पा मारत बसल्या असतील तर तिथे गाडी उडवण्याची हिंमत मोहल्ल्यातले कोणते पोर करील?

*

मग करायचे काय? मोठ्या निधीची वाट न पाहता छोटी सुरुवात करता येते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई किंवा मर्यादा घालण्याचा अधिकार राज्य शासनाला आणि शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. ही मनाई एक महिन्यापेक्षा अधिक काळाची नसेल तर राजपत्रातली अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे एका महिन्याचा प्रयोग कायद्यात बसतो. रोज असर ते इशा, तेवढाच वेळ, तेवढाच चौक. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने पादचारी दिन पाळला आणि गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवला. लक्ष्मी रस्त्यावर एक दिवस जे जमते ते आमच्या गिरणीच्या चौकात तीन तास का जमू नये?

मात्र काही अटी आपणच आपल्यावर घालून घ्याव्यात. रुग्णवाहिका, अग्निशमन गाडी, जनाजा आणि अपंग व्यक्तीचे वाहन यांना वाट मोकळी हवी. चौकात कोणत्याही पक्षाचा, जमातीचा, पीराचा किंवा नेत्याचा फलक नको. कारण पहिला फ्लेक्स लागला की तो चौक त्याचा होतो, सर्वांचा राहत नाही. दूध घालायला येणारे, गिरणीवर येणारे शेजारच्या आळीतले हिंदू बांधव यांनाही तो आपला वाटला पाहिजे. त्यांची मिरवणूक तिथून जाईल तेव्हा आपण पाणी पाजावे. आपल्या कार्यक्रमाचा भोंगाही त्यांच्या घरात शिरू नये. सावली, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह या तीन गोष्टी आधी, शोभेचे कारंजे नंतर. झाडण्याची पाळी दुकानदार, मशिदीचे विश्वस्त आणि शाळेचे पालक यांनी वाटून घ्यावी. ज्याला झाडू हातात घ्यायचा नाही त्याने चौकाच्या नावावर भाषण करू नये.

सर्वांत महत्त्वाची अट शेवटी सांगतो. चौकाची पुढची बैठक फक्त पुरुषांची असता कामा नये. ती मशिदीत घेणे अडचणीचे असेल तर शाळेच्या मैदानात घ्या, पण बायकांना बोलवा. त्यांच्यासाठी पडद्यामागे सतरंजी टाकून नव्हे, बोलण्यासाठी बोलवा. गिरणीपर्यंत कोण चालत जाते, पोराचे बोट धरून रस्ता कोण ओलांडते, कुठल्या वळणावर गाडी दिसत नाही, हे त्यांना जेवढे माहीत आहे तेवढे आपल्यापैकी एकालाही नाही.

खाला आता काठी घेऊन घरात चालतात, बाहेर येत नाहीत. परवा त्यांनी मला विचारले, “मास्तर, गिरणीवाल्याने दगड बदलला काय? पीठ जाडे येतंय.” त्यांच्यासाठी चौक आता तेवढाच उरला आहे, पिठातून कळेल तेवढा. पुढच्या बैठकीत मी हा लेख घेऊन जाणार आहे. बोळाची गोष्ट पुन्हा निघाली तर या वेळी मी उठून नाही म्हणेन. आपल्या मोहल्ल्यातल्या बैठकीत आपणही तेवढे करावे, एवढीच विनंती.